झाडपाला, ॲलर्जी आणि दुसरी चाचणी

वनस्पतींमधून ॲलर्जीवर औषध मिळेल का, हा प्रश्न अजून अनुत्तरित असल्यासारखा विचारला जातो. खरे तर त्याचे उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळाले आहे. मिळते, आणि मिळालेही आहे. इजिप्तमध्ये आणि भूमध्य समुद्राच्या आसपास ओव्या-बडीशेपेच्या कुळातली खेल्ला नावाची वनस्पती उगवते. तिच्या फळांचा काढा तिकडे मूतखड्याच्या कळांवर पिढ्यानपिढ्या देत आले आहेत. तिच्यातले खेलिन हे द्रव्य आवळलेले स्नायू सैल करते. ते पाहून १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या एका औषध कंपनीने खेलिनशी साम्य असलेली रसायने बनवून ती दम्यावर लागू पडतात का, याचा शोध सुरू केला. तिथे रॉजर आल्टूनयान हे डॉक्टर काम करत होते. अलेप्पोच्या आर्मेनियन घराण्यातले, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेले आणि स्वतः दम्याचे रुग्ण.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही रसायने फारसा गुण दाखवत नव्हती. आल्टूनयान यांनी मग स्वतःवरच चाचण्या घ्यायला सुरुवात केली. गिनीपिगच्या कातडीच्या कोंड्याची त्यांना ॲलर्जी होती. आधी तपासायचे रसायन घ्यायचे, मग त्या कोंड्याचा अर्क श्वासातून ओढून मुद्दाम दमा उठवायचा आणि फुप्फुसांची ताकद किती घटली ते स्पायरोमीटरवर मोजायचे, असा त्यांचा क्रम होता. तो त्यांनी वर्षानुवर्षे चालवला आणि सहाशेहून अधिक रसायने अशी पारखली. १९६५ साली हाती आले ते सोडियम क्रोमोग्लायकेट. ते दमा उठल्यावर घेऊन उपयोग नव्हता. आधी घेतले तर मात्र दमा उठतच नसे. ॲलर्जीची ठिणगी जिथे पडते त्या मास्ट पेशींना ते फुटू देत नव्हते. अडचण एकच होती. पोटातून ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही. आल्टूनयान यांनी त्यावरही तोड काढली. विमानाच्या पंख्यासारखी चिमुकली पाती श्वासाच्या जोराने फिरून पूड थेट फुप्फुसांत पोचवेल असे उपकरण त्यांनी घडवले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे औषध ब्रिटनमध्ये विकायला आले. पुढे श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडने त्याला मागे टाकले, तरी ॲलर्जीने खाजणाऱ्या डोळ्यांसाठी त्याचे थेंब अजून वापरात आहेत.

ही गोष्ट एवढ्या तपशिलाने सांगितली, कारण या विषयात जे जे पुढे यशस्वी झाले त्याची वाट हीच होती आणि जे जे अडले ते या वाटेवरच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर अडले. मूळ वनस्पती हाताशी होती. तिच्यातले द्रव्य ओळखले गेले. ते जसेच्या तसे न वापरता त्यात बदल केले. ते शरीरात नेमक्या जागी पोचेल अशी सोय केली. आणि माणसांवर पुन्हा पुन्हा मोजमाप केले.

दम्याच्या औषधांचा इतिहास चाळला तर पानोपानी झाडे भेटतात. चीनमध्ये मा-हुआंग म्हणून वापरात असलेल्या एफेड्रा वनस्पतीतून नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये एफेड्रिन वेगळे काढले. १९२४च्या सुमारास पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट यांनी त्याचा अभ्यास केला आणि ते जगभर दम्यावर वापरले जाऊ लागले. त्याने हृदयाची धडधड आणि रक्तदाब वाढत असे. वजन घटवण्याच्या पूरक गोळ्यांमध्ये एफेड्रा सर्रास घातला जाऊ लागल्यावर २००४ मध्ये अमेरिकेने त्यावर बंदी घातली. धोतऱ्याचा धूर ओढण्याची रीत १८०२ मध्ये मद्रासहून ब्रिटनमध्ये गेली. धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतींमधल्या ॲट्रोपिनमध्ये फेरफार करून पुढे इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही आज पंपांत मिळणारी औषधे तयार झाली. चहाच्या पानांतून १८८८ मध्ये थिओफिलीन निघाले. आपल्या कुंपणाच्या अडुळशातल्या व्हॅसिसिनच्या धर्तीवर ब्रोमहेक्सिन आणि ॲम्ब्रोक्सॉल बनले. खोकल्याच्या किती तरी बाटल्यांवर ही नावे वाचायला मिळतात. ही दोन्ही कफ पातळ करतात, ॲलर्जी थांबवत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवलेले बरे.

स्टेरॉइडची कथा तर सगळ्यांत बोलकी आहे. आपल्याकडे ‘स्टेरॉइड नको, काही तरी हर्बल द्या’ असे डॉक्टरांना सांगणारे पालक पुष्कळ. पण स्टेरॉइड स्वस्त झाले तेच मुळी कंदांमुळे. रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात मेक्सिकोच्या रानकंदांतल्या डायोसजेनिनपासून संप्रेरके बनवण्याची रीत शोधली आणि पुढे त्याच मार्गाने कॉर्टिसोन सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आले. हे कंद आपल्या कोनफळाच्या आणि करांद्याच्याच कुळातले. तेव्हा वनस्पती एका बाजूला आणि ‘केमिकल’ दुसऱ्या बाजूला, अशी जी फळी मनात उभी केली जाते ती काढून टाकूनच हा विषय नीट पाहता येतो.

ॲलर्जीत नेमके काय घडते, हे थोडक्यात पाहू. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये वापरला. ती घडवून आणणारी आयजीई ही प्रतिपिंडे मात्र १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इशिझाका दाम्पत्याच्या आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांच्या कामातून सापडली. परागकण, धुळीतले किडे, शेंगदाणा अशा एरवी निरुपद्रवी गोष्टीविरुद्ध शरीर ही प्रतिपिंडे बनवून ठेवते आणि ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तीच गोष्ट पुन्हा शरीरात शिरली की या पेशी फुटून हिस्टामिन बाहेर टाकतात. मग काही मिनिटांतच शिंका येतात, अंगावर पित्त उठते, नाक गळते. पाठोपाठ ल्युकोट्राइन तयार होतात आणि श्वासनळ्या आवळतात. काही तासांनी दुसरी लाट येते. इओसिनोफिल पेशी गोळा होतात, सूज टिकून राहते, आणि जुनाट दमा किंवा इसब होतो तो या दुसऱ्या लाटेमुळे. सेटिरिझिनसारखी गोळी फक्त हिस्टामिनला अडवते. स्टेरॉइड दुसऱ्या लाटेवर काम करते. वनस्पतींमधली द्रव्ये या साखळीत अनेक ठिकाणी हात घालताना प्रयोगशाळेत दिसतात, म्हणूनच संशोधकांना त्यांचे आकर्षण आहे.

अशा द्रव्यांत सर्वाधिक अभ्यास झालेले एक म्हणजे क्वर्सेटिन. कांदा, सफरचंद, चहा यांत ते असते. ते फ्लेव्होनॉइड गटातले असून त्याची घडण क्रोमोग्लायकेटच्या बरीच जवळ जाते. फ्लेव्होनॉइड मास्ट पेशींना हिस्टामिन सोडू देत नाहीत, हे १९७०च्या दशकातच दिसले होते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या गटाने मानवी मास्ट पेशींवर क्वर्सेटिन आणि क्रोमोग्लायकेट शेजारी शेजारी तपासले, तेव्हा सूज वाढवणारी द्रव्ये रोखण्यात क्वर्सेटिन सरस ठरले. इतके वाचून एखाद्याला वाटेल, लासलगावच्या कांद्यात दम्याचे औषध आहे. पण हिशेब मांडू. शंभर ग्रॅम कांद्यात साधारण वीस ते चाळीस मिलिग्रॅम क्वर्सेटिन असते. ते आतड्यात आणि यकृतात शिरताच त्याला साखरेची वा गंधकाची शेपटी जोडली जाते आणि मूळ रूपातले क्वर्सेटिन रक्तात फार थोडे उरते. काचेच्या थाळीत गुण दिसण्यासाठी जेवढी तीव्रता लागते ती जेवणातून रक्तात येणाऱ्या तीव्रतेच्या कित्येक पट असते. थाळीतला निकाल खोटा नाही, तो थाळीपुरता खरा आहे.

हळदीचेही असेच आहे, आणि आपण महाराष्ट्राचे लोक हळदीबाबत हळवे आहोत. सांगलीच्या आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. जखमा भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये रद्द करायला लावले, हा अभिमानाचा भाग आहेच. पण घरचे ज्ञान आपले आहे हे सिद्ध होणे आणि ते दम्यावर किंवा सर्दीवर लागू पडते हे सिद्ध होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुधात टाकलेली अर्धा चमचा हळद दीड ग्रॅमच्या आसपास भरते. तिच्यात कर्क्युमिन तीन टक्के धरले तर पन्नास मिलिग्रॅमच्या आतच. चाचण्यांमध्ये देतात ते पाचशे मिलिग्रॅमपासून काही ग्रॅमपर्यंत, आणि तेवढ्यातलेही रक्तात जवळपास काही सापडत नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर वीस मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिऱ्यातले द्रव्य, देऊन पाहिले, तेव्हा रक्तातले प्रमाण वीस पटींनी वाढले. हा आकडा आज प्रत्येक हळदीच्या कॅप्सूलच्या डबीवर फिरतो. नगण्याची वीस पट म्हणजे किती, हे डबीवर लिहिलेले नसते. शिवाय पिपेरिन हे करते ते औषधे मोडणाऱ्या शरीरातल्या यंत्रणेला अडवून. त्यामुळे थिओफिलीनचीही पातळी वाढते. ज्या दमेकऱ्याला डॉक्टरांनी थिओफिलीनची गोळी चालू ठेवली आहे त्याने मिऱ्याच्या अर्काची कॅप्सूल आपल्या मनाने सुरू करणे धोक्याचे आहे. भाजीतल्या मिऱ्यांबद्दल हे बोलणे नाही.

२०१७ मध्ये काही अमेरिकन औषधरसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरचे सारे संशोधन तपासून कठोर निष्कर्ष काढला. हे द्रव्य अस्थिर आहे, अंगी लागत नाही आणि अनेक प्रयोगशाळा-चाचण्यांत ते रसायनाच्या गुणधर्मामुळे खोटी आशा दाखवते, असे त्यांनी म्हटले. मला हा निष्कर्ष थोडा घाईचा वाटतो. नाकाच्या ॲलर्जीवर चीनमध्ये २४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन महिन्यांनंतर शिंका आणि नाक चोंदणे कमी झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. कदाचित रक्तात न उतरताही आतड्यातूनच काही परिणाम होत असेल. पण ‘कदाचित’च्या पुढे जायला त्याच आकाराची दुसरी चाचणी दुसऱ्या कुणी तरी करायला हवी, आणि या सबंध विषयाचे दुखणे तिथेच आहे.

दुसरी चाचणी झाली की काय होते, याची उदाहरणे पाहू. आपल्याकडे अंतमूळ किंवा पितमारी या नावाने ओळखली जाणारी वेल आहे. शास्त्रीय नाव टायलोफोरा इंडिका. दिल्लीत डॉ. शिवपुरी आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ११० दमेकऱ्यांची चाचणी घेतली. रोज सकाळी एक पान चावून गिळायचे, असे सहा दिवस. आठवड्याअखेर पान खाल्लेल्यांपैकी ६२ टक्क्यांना बराच किंवा पूर्ण आराम पडला, तर तुलनेसाठी दुसरे काही दिलेल्या गटात २८ टक्क्यांना. सहा पानांत असा गुण! पुढच्या काही चाचण्यांतही आशा दिसली. मग १९७९ मध्ये कोण काय खाते हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही, अशी काटेकोर चाचणी झाली आणि फरक विरून गेला. पहिल्या चाचणीत एक गोम होती. हे पान चावले की तोंड हुळहुळते, मिठाची चव जाते, मळमळते. आपल्याला ‘खरे’ पान मिळाले हे रुग्णाला तत्काळ कळते, आणि दमा हा आजारच असा की भरवशानेही श्वास थोडा मोकळा होतो.

कुटकी या वनौषधीचेही तेच झाले. उघड चाचण्यांत तिने दम्यावर गुण दाखवला होता. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिची अशीच काटेकोर, म्हणजे डबल ब्लाइंड, चाचणी घेतली आणि १९८३ मध्ये काही लाभ होत नसल्याचे प्रसिद्ध केले. नकारात्मक निकाल छापायला धैर्य लागते. तो छापला म्हणून पुढच्या कित्येक रुग्णांची वर्षे वाचली. या कामाची जेवढी कदर व्हायला हवी तेवढी आपल्याकडे झाली नाही.

लंडनमध्ये १९९०च्या सुमारास इसबाने बेजार झालेली मुले एका चिनी वैद्यबाईंच्या काढ्याने बरी होताना त्वचारोगतज्ज्ञांना दिसली. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेले नाही, दहा वनस्पतींचे ते मिश्रण रीतसर तपासले आणि १९९२ मध्ये चांगला निकाल जाहीर केला. सात वर्षांनी तीच चाचणी हाँगकाँगमध्ये चिनी रुग्णांवर केली तर लाभ दिसला नाही. आणि १९९९ मध्येच लंडनमध्ये इसबासाठी विकली जाणारी अकरा ‘हर्बल’ चिनी मलमे तपासली, त्यांतल्या आठांत डेक्सामेथासोन हे जोरकस स्टेरॉइड निघाले. आपल्याकडच्या ‘दम्याच्या रामबाण पुड्या’ घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तीन दिवसांत दमा गायब करणारी आणि घटक न सांगणारी पुडी स्टेरॉइडची असण्याचा संशय आधी घ्यायला हवा.

माझ्या मते सर्वांत शिकवून जाणारी कहाणी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेतली आहे. शू-मिन ली या संशोधिकेने पारंपरिक चिनी पाठात बदल करून, विषारी घटक गाळून, नऊ वनस्पतींचे एफएएचएफ-२ हे मिश्रण बनवले. शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी असलेल्या उंदरांना ते दिले तर पुढे शेंगदाणा खाऊनही त्यांना काही होत नसे, आणि औषध थांबवल्यावरही हे संरक्षण महिनोन्‌महिने टिकत असे. इतका स्वच्छ निकाल या विषयात क्वचित मिळतो. मग अन्नाची ॲलर्जी असलेल्या ६८ माणसांवर चाचणी झाली. दिवसातून तीन वेळा दहा-दहा गोळ्या, सहा महिने. २०१५ मध्ये निकाल आला. औषध सुरक्षित होते, पण प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळीपेक्षा, ते सरस ठरले नाही. कारण शोधताना दिसले की ४४ टक्के लोकांनी चाचणीच्या निदान एक तृतीयांश काळात गोळ्या नीट घेतल्याच नव्हत्या. रोज तीस गोळ्या कोण घेणार? म्हणजे औषध निरुपयोगी होते की पोचलेच नाही, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. संशोधकांनी अर्क आटवून गोळ्यांची संख्या कमी करण्याचे काम पुढे चालवले, हे योग्यच. त्याच गटाचे तीन वनस्पतींचे एक मिश्रण चीनमध्ये ९१ दमेकऱ्यांवर चार आठवडे वापरले, तेव्हा फुप्फुसांची सुधारणा प्रेडनिसोलोनच्या जातीच्या स्टेरॉइड गोळीच्या जवळपास आली होती. त्यात ज्येष्ठमध होते. ज्येष्ठमधातले ग्लायसिरायझिन शरीरातले कॉर्टिसॉल मोडू देत नाही, म्हणून ते स्टेरॉइडसारखे वागते, आणि जास्त दिवस घेतले तर रक्तदाब वाढवते, पोटॅशियम घटवते.

सातपुड्यातल्या आणि मेळघाटातल्या सालईच्या डिंकाची बाजू थोडी बळकट आहे. त्यातली बॉसवेलिक आम्ले ल्युकोट्राइन बनवणाऱ्या विकराला अडवतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४० दमेकऱ्यांना तीनशे मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असे सहा आठवडे दिले. सत्तर टक्के सुधारले, प्लासिबो गटात सत्तावीस टक्के. चाळीस माणसांवर इमारत उभी राहत नाही. पण पाया खणण्याजोगी जागा इथे नक्की आहे.

आतापर्यंतच्या यादीत एकच वनस्पती अशी की जी थेट अर्काच्या रूपात आधुनिक गोळीच्या पंक्तीला बसली. युरोपातली बटरबर. २००२ मध्ये १२५ रुग्णांवर तिच्या पानांचा अर्क दोन आठवडे देऊन सेटिरिझिनशी तुलना केली, तेव्हा दोघांचा गुण सारखा निघाला, आणि पुढच्या मोठ्या चाचणीतही ती टिकली. पण या झुडपात यकृत नासवणारे पायरोलिझिडीन अल्कलॉइडही असतात. ते काढून टाकलेले अर्क बनले, तरी यकृताच्या तक्रारी येत राहिल्या आणि २०१२ मध्ये ब्रिटनने बटरबरची उत्पादने दुकानांतून काढून घ्यायला सांगितले. गुण सिद्ध झाल्यावरही सुरक्षिततेची परीक्षा वेगळी द्यावी लागते ती अशी.

हे सारे आपल्या दारात आणून उभे करते ती गुळवेल. नागपूरच्या डॉक्टरांनी ॲलर्जिक सर्दीच्या ७५ रुग्णांना आठ आठवडे गुळवेलीचा अर्क किंवा प्लासिबो दिला आणि २००५ मध्ये निकाल छापला. अर्क घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांच्या शिंका पूर्ण थांबल्या, ६९ टक्क्यांचे नाक गळणे थांबले. प्लासिबो गटातल्या बहुतेकांना काहीच फरक पडला नाही. नाकातल्या स्रावाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली तर तिथेही इओसिनोफिल पेशी घटलेल्या दिसल्या. आकडे वाचून मन हरखते, आणि तिथेच थांबायला होते. नाकाच्या ॲलर्जीवरचे आजचे कुठलेही प्रस्थापित औषध इतक्या जणांच्या शिंका पूर्णपणे थांबवत नाही. प्लासिबो घेणारेही सहसा थोडे तरी बरे होतात. एवढा मोठा फरक दिसला की एकतर हाती मोठे घबाड लागलेले असते, नाही तर मोजमापात कुठे तरी गफलत असते. दोन्ही शक्यता तपासण्याचा मार्ग एकच, तीच चाचणी दुसरीकडे, अधिक रुग्णांवर करणे. नागपूरच्या निकालाला दुजोरा देणारी किंवा तो खोडणारी मोठी, अनेक केंद्रांवरची चाचणी व्हायला हवी होती.

त्याऐवजी झाले असे की करोनाच्या साथीत गुळवेल घरोघर उकळली गेली. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखा विकार दिसल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की ती वनस्पती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून आणखी रुग्णांची नोंद केली. हा वाद दोन्ही बाजूंनी फार तावातावाने झाला. मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. बाजारात गुळवेल म्हणून काय विकले जाते, याची खात्री मंत्रालयालाही नसेल तर ती सामान्य माणसाला कशी असेल? आणि प्रतिकारशक्तीला चाळवणारे द्रव्य कुणाच्या तरी शरीरात तिला चुकीच्या दिशेनेही चाळवू शकते, हे मानायला इतके जड का जावे?

वनस्पतींची द्रव्ये स्वतः ॲलर्जी उठवतात, हे तर खेड्यातल्या माणसाला शिकवायला नको. बिब्बा उतला की काय होते ते त्याने पाहिलेले असते. गाजर गवत पुण्यात १९५०च्या दशकात नोंदले गेले आणि त्यानंतर शेतात राबणाऱ्या किती तरी लोकांचे चेहरे, पापण्या, माना त्याने सुजवल्या. या गवतातले पार्थेनिन त्वचेतल्या प्रथिनांना कायमचे चिकटते. शरीर मग त्या प्रथिनांना परके समजून चवताळते. आता गंमत पाहा. युरोपात अर्धशिशीवर दिल्या जाणाऱ्या फीवरफ्यू या वनस्पतीतले पार्थेनोलाइड याच रासायनिक घराण्यातले. ते पेशीतल्या सूज वाढवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या यंत्रणेला जखडते, आणि जखडते ते नेमक्या त्याच चिकट टोकाने ज्याने पार्थेनिन त्वचा सुजवते. सूज उतरवण्याची आणि सूज चढवण्याची शक्ती एकाच अणुगटात असते. ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार’ या समजुतीला रसायनशास्त्रात कसलाच आधार नाही.

मग अडते कुठे? बुद्धीत नाही, परंपरेतही नाही. अडते ते पैशात आणि चिकाटीत. गुळवेलीचे किंवा सालईचे पेटंट कुणाला मिळणार नाही, म्हणून कोट्यवधी रुपयांची चाचणी करायला कंपनी धजत नाही. ग्रंथोक्त आयुर्वेदिक कल्पांना विक्रीच्या परवान्यासाठी माणसांवरच्या नव्या चाचण्या द्याव्या लागत नाहीत, त्यामुळे विकणाऱ्याला त्या करण्याची निकडही नसते. दरवर्षी आयुर्वेद महाविद्यालयांतून तमक-श्वास (दमा), प्रतिश्याय (सर्दी), शीतपित्त (अंगावर उठणारे पित्त) यांवर प्रबंध निघतात. तीस-तीस रुग्णांचे दोन गट, काही आठवड्यांची चाचणी, उत्साहवर्धक निष्कर्ष आणि ग्रंथालयाचे कपाट. विद्यार्थ्यांचा यात दोष नाही. त्यांना वेळ आणि निधी तेवढाच मिळतो. पण साठ रुग्णांच्या दहा सुट्या चाचण्यांपेक्षा सहाशे रुग्णांची एक चाचणी शंभरपट मोलाची असते.

अशी चाचणी होईपर्यंत रुग्णाने काय करावे, तेही सांगायला हवे. भारतात जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे तेरा टक्के राहतात, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक इथे होतात. याचे मोठे कारण असे की श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड बहुसंख्य रुग्णांपर्यंत पोचत नाही, आणि पोचले तरी भीतीपोटी सोडून दिले जाते. ज्याला पंप लागू पडला आहे त्याने वनौषधीच्या भरवशावर तो बंद करू नये. काढा घ्यायचा असेल तर डॉक्टरांना सांगून, पंप चालू ठेवून घ्यावा. गरोदर स्त्रीने अडुळसा टाळावा, कारण व्हॅसिसिन गर्भाशयाचे आकुंचन करते. रक्तदाबाच्या रुग्णाने ज्येष्ठमधाचा मारा करू नये. डोळे किंवा त्वचा पिवळी दिसली तर घेतलेल्या प्रत्येक चूर्णाचे नाव न लाजता सांगावे.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली ॲलोपॅथीची आणि आयुर्वेदाची, अशी दोन्ही महाविद्यालये आहेत. वैद्य, कान-नाक-घशाचे तज्ज्ञ आणि औषधशास्त्रज्ञ एका आराखड्याखाली आणायला याहून सोयीची जागा देशात फारशी नसेल. विद्यापीठाने एक वर्ष सुट्या प्रबंधांऐवजी एकच प्रश्न घ्यावा. वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळख पटवलेली गुळवेल, एकाच पद्धतीने काढलेला अर्क, दहा केंद्रे, सहाशे रुग्ण, दर महिन्याला यकृताची तपासणी, चाचणीची आधीच सार्वजनिक नोंदणी, आणि निकाल काहीही लागला तरी तो छापण्याची हमी. नागपूरच्या चाचणीला वीस वर्षे झाली. तिची दुसरी चाचणी महाराष्ट्रानेच करावी.